पेनड्राइव्ह जिंदाबाद

लॅपटॉप स्वस्तात हवा म्हटलं की दुकानदार 'डॉसवाला', म्हणजे विंडोजशिवायचा, काढून देतो. आमच्या जबलपुरात मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये देतो, तुमच्याकडे पुण्या-नागपुरातही देत असेल. या डॉसवाल्यात बहुतेकदा फ्रीडॉस असतं. मायक्रोसॉफ्ट आपलं डॉस गुंडाळणार असं कळल्यावर १९९४ साली विस्कॉन्सिनमध्ये फिजिक्स शिकणाऱ्या जिम हॉल नावाच्या पोराने, मग आपणच लिहू, म्हणून ते सुरू केलं. जगभरच्या हौशी मंडळींनी हातभार लावला. कोणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं. इतकं उदात्त काम, पण आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकाला त्याचं दर्शनसुद्धा होत नाही. बिल फाडेपर्यंत काउंटरमागचा मुलगा खिशातला पेनड्राइव्ह लावतो आणि विंडोज, ऑफिस, फोटोशॉप असा सगळा संसार चढवून देतो. "भैया, फुल ॲक्टिवेट कर दिया है." पैसे? छे, ते तर सर्व्हिसमध्ये आलं.

बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्यांना आमचं मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं. गुणवत्तेच्या त्या पैशांवर पहिला संस्कार होतो तो चोरीच्या मालाचा. घरी पेढे वाटतात.

फ्रीडॉससारखंच मुक्त असलेलं लिनक्स आपल्याकडे का रुजलं नाही, यावर विद्वान लोक फार खोल बोलतात. अवघड आहे, सवय नाही, गेम चालत नाहीत. मला विचाराल तर पेनड्राइव्हवाल्या त्या मुलानेच लिनक्सला मारलं. जिथे विंडोज विकत घ्यावं लागतं, तिथे लिनक्स स्वस्त पडतं. कांचघरात दोन्हीचा भाव एकच, शून्य. मग ओळखीचं सोडून अनोळखी कोण घेणार? आणि मायक्रोसॉफ्टचं यात फारसं बिघडलं असं मला वाटत नाही. फुकटात का होईना, हात त्यांच्याच बटणांवर बसले. पुढे त्या हातांना नोकरी लागली की कंपनी रीतसर पैसे मोजते.

आता आमचे लिनक्सचे उत्साही. गल्लीत एक तरी असतोच. इंजिनिअरिंगला असतो किंवा नुकताच सुटलेला असतो. सोमवारी उबंटू, गुरुवारी मिंट, शनिवारी फेडोरा, सगळे लिनक्सचेच अवतार. आर्च चढवलं की जेवायच्या आधी सांगतो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावताना फोटो काढतो आणि स्टेटसला लावतो. त्या संगणकावर काम काय करतो? पुढची प्रणाली उतरवून घेतो. वायफाय चालत नाही म्हणून कुरकुरतो, पण ज्याने ते वायफाय चालवायचं आहे त्याला दोन ओळींची तक्रार लिहून पाठवत नाही. 'ओपन सोर्स'मधला सोर्स त्याने कधी उघडलेला नसतो. लिनक्सचं मराठी भाषांतर अर्धवट आहे असं सांगा, तर म्हणतो, "काका, मराठीत कम्प्यूटर कोण वापरतं?" घरी आईशी मराठी बोलणारा मुलगा हा.

रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये लोहित टंक (फॉन्ट) खुले केले, त्यात मराठीही आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. हे कोणीतरी बसून, भांडून, तपासून केलं म्हणून आज 'ॲक्टिवेट' लिहिता येतं. ती माणसं फोटो लावत नसत.

उत्साही मुलगा एकदा जोशात वकिलाच्या कारकुनाकडे गेला. इथे हायकोर्ट आहे, त्यामुळे टंकलेखनाला तोटा नाही. मिंट चढलं, झकास दिसलं, आणि जुना अर्ज उघडताच देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण अर्ज कृतीदेव या जुन्या हिंदी टंकातला. कृतीदेवची गंमत अशी की फाइलीत हिंदी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, त्यांना टंक फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. टंक नाही, तर मुखवटा नाही. दोष कोणाचा? कारकुनाच्या मते अर्थात लिनक्सचा. संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्हवाला येऊन गेला. हिशेबाला टॅली वापरणाऱ्या दुकानदारांकडे तर उत्साही फिरकतसुद्धा नाही, कारण टॅली विंडोजवरच चालते. इथे मी लिनक्सची वकिली करणार नाही. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याने विंडोज घ्यावं. विकत.

गंमत म्हणजे हे गाव हत्यारं आणि गाड्या बनवणाऱ्यांचं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. शक्तिमान ट्रक इथे जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बनला. परवाना म्हणजे काय, तो कसा पाळायचा, हे इथल्या घराघरांत पगाराच्या पाकिटासोबत आलं. फॅक्टरीच्या फाटकावर डबा उघडून दाखवून बाहेर पडणारा कामगार घरी येऊन क्रॅक केलेल्या ऑफिसमध्ये मुलीच्या लग्नाचा बायोडेटा टाइप करतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की या फॅक्टऱ्या ज्याच्या हाताखाली, ते संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवरचं विंडोज काढून उबंटूवर उभारलेलं 'माया' आणणार. त्याआधी २००७ मध्ये सरकारी सीडॅकने डेबियन लिनक्सवर बेतलेलं 'बॉस' आणलं होतं. सरकारचा बॉस कोणाच्या घरी आला का? माझ्या पाहण्यात नाही. केरळने मात्र शाळांतच मुक्त सॉफ्टवेअर लावलं, तिथल्या पोरांचा पहिला हात त्यावर बसला. आम्ही पहिला हात काउंटरवर बसवतो.

बरं, मुक्त सॉफ्टवेअरशी आपलं वैर आहे असंही नाही. चोरून उतरवलेला सिनेमा कांचघर व्हीएलसीवर बघतं. नारिंगी शंकूचा तो प्लेयर पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि २००१पासून तो खुला आहे. खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच. म्हणजे दिवसभर वापरतो, फक्त नाव सांगितलं की घाबरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट मशिनं म्हातारी ठरली. पेनड्राइव्हवाल्याकडे त्यावरही उतारा आहे, तपासणी चुकवून ११ घुसवायचा. तो तुम्हाला आवडेलच. पण त्याआधी एवढं करा. उत्साही मुलाला चहा पाजा आणि त्याच्याकडून मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून घ्या. तो लावून संगणक चालू केला की काही न चढवता सगळं वापरून बघता येतं, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. प्रिंटर बघा, वायफाय बघा, मराठी टाइप करून बघा. जे चाललं नाही ते त्या मुलाला तुमच्यासमोर बसवून, ज्यांनी बनवलं त्यांना लिहायला लावा. नाहीच जमलं तर बंद करा. भंगारवाला उद्याही येणार आहे.