वजाबाकीची काच

तळ्यांच्या जिल्ह्यात राहायचं आणि गळ्यात कॅमेरा अडकवायचा, म्हणजे चकाकीशी कायमचं भांडण ओढवून घ्यायचं. आमच्या गोंदियात गाव तिथे तलाव. कोहळी समाजातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून पाळी बांधल्या. त्यातल्या कितीतरी तळ्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांत कमळं, शिंगाड्याच्या वेली, ढिवरांचे डोंगे आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदकं. डोळ्यांना हे सगळं नीट दिसतं, फोटोत मात्र पांढरा लखलखाट उतरतो. तलाव नसेल तिथे धान. धानाचं पान हिरवं असलं तरी उन्हात वरून असं चमकतं की, निम्मी बांधी पांढुरकी येते.

यावर जाणकार एकच औषध सांगतात : पोलरायझर. भिंगापुढे लावायची एक करडी, फिरती काच. तिचं काम वजाबाकीचं आहे. उन्हाचा किरण पाण्यावर किंवा पानावर आपटून तिरपा परतला की, त्यातली कंपनं बहुतांश एकाच दिशेची उरतात. काचेची कडी फिरवून ती दिशा अडवली की चकाकी उतरते आणि खालचं खरं रूप वर येतं. पाण्याच्या बाबतीत हे सर्वांत छान जमतं ते पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरप्या नजरेला. म्हणजे काठावर उभं राहून पायांपासून दोनेक मीटरवरच्या पाण्याकडे पाहिलं की झालं. उघड्या धातूपुढे मात्र ही विद्या चालत नाही. म्हणून काच घरी आणल्यावर पहिला प्रयोग स्टीलच्या ताटावर करू नये. ताट चमकतच राहतं आणि घरची मंडळी किंमत विचारतात.

या वजाबाकीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन ‘नारकुंडा’ बोटीने विलायतेहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होतं, म्हणजे पोलरायझरचंच काम करणारा स्फटिक. त्यातून त्यांनी योग्य कोनात समुद्राकडे पाहिलं, पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकलं, आणि तरीही पाणी निळंच दिसलं. निळाई पाण्याची स्वतःची निघाली. प्रकाशाच्या विखुरण्याचा पुढचा अभ्यास तिथून निघाला आणि १९३० साली नोबेलपर्यंत पोचला. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही. नवेगावबांधच्या तलावातल्या कमळाचे देठ दिसले तरी पुष्कळ.

आता प्रश्न पैशांचा. ही काच चार-पाचशे रुपयांपासून आठ-दहा हजारांपर्यंत मिळते, आणि वरवर पाहता सगळ्या सारख्याच काळसर दिसतात. गोंदियात कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः लग्नाचे फोटोग्राफर. रात्रीच्या वरातीत पोलरायझरचा काय उपयोग? त्यामुळे मागितला की दुकानदार आधी यूव्ही फिल्टर पुढे सरकवतो आणि मग विचारतो, “काहून जी, पाण्याच्या आत कोणाले पाहाचं आहे?” मग उरते नागपूरची सीताबर्डी, नाहीतर कुरियरची वाट.

कुठूनही घ्या, पण आधी भिंगाच्या तोंडावर वाचा. शून्यावर तिरपी रेघ मारल्यासारखी एक खूण असते, तिच्यापुढचा आकडा हे फिल्टरचं माप. ५८, ६७, ७७ असं काही. भिंगावर १८-५५ लिहिलंय म्हणून ५५चा फिल्टर मागवणारी सज्जन माणसं तालुक्यागणिक सापडतील. दोन-तीन भिंगं असतील तर सगळ्यांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्यावा आणि लहान भिंगांसाठी स्टेप-अप रिंग. रिंगेला शे-दोनशे पडतात. मग छोट्या भिंगाचा हूड बसत नाही, पण तेवढी सावली हातानेही धरता येते.

खऱ्याखोट्याची परीक्षा फुकट आहे. काच, आट्यांची बाजू आपल्याकडे करून, मोबाइलच्या पडद्यासमोर धरून फिरवा. एका ठिकाणी पडदा जवळपास काळा पडला पाहिजे. नाही पडला, तर ती बहुधा नुसती करडी काच आहे. दुसरी परीक्षा आरशाची. सर्क्युलर प्रकारची काच, आट्यांची बाजू आरशाकडे करून, एका डोळ्यापुढे धरा. आरशात त्या काचेमागचा आपला डोळा काळोखात गेलेला दिसतो. आरसेवाल्या एसएलआर कॅमेऱ्यात ऑटोफोकस आणि मीटर गोंधळू नयेत म्हणून हा सर्क्युलर प्रकार लागतो. तिसरी परीक्षा पांढऱ्या कागदाची. स्वस्त काचेतून कागद पिवळट किंवा हिरवट दिसतो. थोडा पिवळेपणा चालवून घ्यावा, हिरवी झाक असेल तर काच परत करावी. शेवटी लांब भिंगावर लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढावा. अक्षरं मऊ पडली, तर त्या काचेने पक्षी टिपायची आशा सोडावी.

पक्ष्यांचं निघालं म्हणून सांगतो. महाराष्ट्रात सारस पाहायचे तर मुख्यतः आमच्या जिल्ह्यात यावं लागतं. परसवाड्याच्या तलावाकडे, धानाच्या बांध्यांमध्ये जोडी उतरते. ती उतरते सकाळच्या कोवळ्या उजेडात, आणि तिथे पोलरायझर पिशवीतच ठेवावा. चकाकी उतरवताना ही काच एक ते दोन स्टॉप प्रकाश स्वतःच खाते. लग्नघरचा कारभारी कितीही प्रामाणिक असला तरी दोन लाडू त्याच्या खिशात जातातच, तसं. काच महाग घेतली म्हणून ही खादाडी पूर्णपणे थांबत नाही. उन्हाळ्यातल्या धुरकट आकाशातही तिची जादू निम्मी होते. रुंद भिंगावर लावली तर आकाश एका बाजूला गडद निळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं. इंद्रधनुष्यापुढे तर जपूनच. कडी थोडी जास्त फिरली की धनुष्य गायब.

महाग फिल्टर घेतला की पाण्याखालचं जास्त दिसतं, असं नाही. जास्त पैसे जातात ते कोटिंगला, पाणी चटकन पुसलं जाण्याला आणि आट्या न अडकणाऱ्या पितळी कडीला. या सोयी चांगल्याच आहेत. पण आपला तलाव घरापासून पंधरा किलोमीटरवर असेल आणि आपण महिन्यातून एकदा जात असू, तर त्यांच्यावाचून काही अडत नाही. तेवढंही नको असेल, तर पोलराइज्ड गॉगल मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून फिरवून पाहावा. काम तेच होतं, फक्त बघणारे जरा हसतात.

माझं मत विचाराल तर मधल्या किमतीचा, बहुस्तरी कोटिंगचा, पातळ कडीचा सर्क्युलर फिल्टर घ्यावा. पडदा, आरसा, कागद आणि कॅलेंडर या चारही परीक्षा दुकानातच उरकाव्यात आणि वाचलेल्या पैशांचं पेट्रोल भरावं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून जिथे राहिले, त्या नवेगावबांधला दिवाळीनंतर जावं. गढूळ पाणी तोवर निवळलेलं असतं, आकाशही धुतलेलं असतं. सूर्य खांद्याच्या बाजूला घेऊन पाळीवर उभं राहावं आणि कडी सावकाश फिरवावी. सूर्य पाठीशी घेतलात, तर दहा हजारांची काचही आकाश निळं करून देत नाही.