वायर कुठे गेली?

टाकीत, खड्ड्यात किंवा मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याआधी गॅस तपासायचा आणि आकडे वर्क परमिटवर लिहायचे, अशी पद्धत आहे. आकडे ठरलेले असतात. ऑक्सिजन २०.९ टक्के, एलईएल (ज्वलनशील गॅस) शून्य, एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) शून्य, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) शून्य. सकाळचं परमिट बघा, रात्रपाळीचं बघा, भर पावसातलं बघा, तेच आकडे, तेच अक्षर, बहुधा तेच पेन. इतकी शिस्तीची हवा महाबळेश्वरलाही मिळत नाही.

कमरेला अडकवायचा चार गॅसचा मीटर मात्र असा गुणी नाही. तो घटकेत २०.७ दाखवतो, घटकेत २१.०. शिवाय त्याला एक वाईट खोड आहे: तो सगळं लिहून ठेवतो. बहुतेक मीटर साधारण मिनिटामिनिटाला चारही गॅसचे आकडे, अलार्म कधी वाजला, आकडा कुठवर चढला, सगळं वेळेसकट साठवतात. जागा भरली की बहुतेकांत जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणून हा डेटा वेळच्या वेळी संगणकावर काढून घ्यायचा असतो.

तो काढा म्हटलं की ऑफिसात शोधाशोध सुरू होते. जुन्या मीटरला इन्फ्रारेडचा अडॅप्टर लागतो, तो कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली रजेवर. सॉफ्टवेअर एकाच संगणकावर, त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे. नव्या मीटरबरोबर डॉक आलेला असतो. त्यात मीटर नुसता ठेवला तरी नोंदी आपोआप उतरतात, पण त्याचा उपयोग चार्जर म्हणून होतो. नेटवर्कची वायर ज्या खोक्यातून आली त्याच खोक्यात सुखरूप असते.

हे तांत्रिक दुखणं आहे असं कुणी समजू नये. त्याच ऑफिसातलं अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र रोजच्या रोज बिनबोभाट डेटा देतं आणि दहा मिनिटं उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापला जातो. तिथली वायर कधी हरवत नाही.

मीटरची हरवते, कारण फाईल उघडली की भानगडी दिसतात. परमिट म्हणतं काम १० ते २, मीटर म्हणतो मला १०.०२ला चालू केलं आणि १०.०६ला बंद. कधी सीओचा आकडा उणे निघतो. हवा शून्याखाली शुद्ध झाली असं नव्हे, कुणी तरी चालू डिझेल पंपाशेजारी उभं राहून मीटर ‘झीरो’ केला आणि त्या धुरालाच मीटर स्वच्छ हवा मानून बसला. असा मीटर पुढे खरा गॅसही कमीच दाखवणार. कधी एच-टू-एसचा १० पीपीएमचा अलार्म वाजल्याची नोंद असते आणि त्यानंतरही अर्धा तास काम चालूच. ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ हे मुकादमी शास्त्र. प्रत्यक्षात १०० पीपीएमच्या आसपास नाकच बंद पडतं. वास जातो, गॅस तिथेच असतो.

घड्याळाचा विनोद तर वेगळाच. बॅटरी पार उतरली की काही मीटर आपली तारीख विसरतात. मग परमिट यंदाचं आणि नोंद अशा सालातली, जेव्हा आत उतरणारा पोरगा जन्मलाही नव्हता. अशी फाईल असून नसल्यासारखीच.

१९४८च्या कारखाना अधिनियमात कलम ३६ने सांगून ठेवलं होतं की, सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय, कुणाला आत उतरवू नये. हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३च्या नियमांत गटारात उतरणाऱ्यासाठी चार गॅसचा मीटर साहित्याच्या यादीतच आहे. आपण ‘लेखी’ तेवढं उचललं. ‘स्वतः चाचणी करून’ याचा पुरावा मीटरच्या पोटात पडून आहे.

माणूस गेला की वायर तासाभरात सापडते, पासवर्डही आठवतो. तोवर मीटर आणखी चार ठिकाणी फिरून आलेला असला, तर हव्या त्या नोंदी पुसल्या गेलेल्या असायच्या. गटारात जीव गेला तर ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं. तो आकडा बरा सगळ्यांना पाठ असतो.

दर पाळी संपताना डेटा काढायला, त्याच वेळी मीटरचं घड्याळ संगणकाशी जुळवायला आणि सर्वांत वर चढलेला आकडा परमिटला टाचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. ‘कालची फाईल दाखवा’ असं आत उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराने विचारावं, तर उद्या त्याला गेटवरूनच परत पाठवतील. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांनी रजिस्टर बाजूला सारून फाईल मागावी, आणि ‘वायर सापडत नाही’ असं उत्तर आलं तर ती सापडेपर्यंत एकही माणूस आत उतरू देऊ नये.