साडेपाच

माझी आई माठ घ्यायला कुंभारवाड्यात गेली की कुंभार आपोआप एक पाऊल मागे सरकायचा. ती उकिडवी बसायची, बांगड्या कोपराकडे सारायची आणि मधल्या बोटाचे पेर माठाच्या पोटावर, गळ्यावर आणि बुडाशी वाजवायची. मान जराशी कललेली. "बद्द वाजतोय. तो मागचा काढ." कुंभार वाद घालायचा नाही. पुढे दोन रुपयांवरून वीस मिनिटे हुज्जत चालायची ती निराळी. आवाजाचा निकाल मात्र अर्ध्या मिनिटात लागायचा आणि त्यावर अपील नसायचे. नारळ कानाशी हलवून, कलिंगडाला टिचकी मारून, नाणे फरशीवर टाकून ती सगळ्या संसाराची ध्वनिपरीक्षा घ्यायची. यंत्र काय, तर ते एक बोट.

त्या बाईच्या पोटी जन्माला येऊन मला एक हेडफोन चांगला की वाईट हे ठरवायला अकरा महिने लागलेत, आणि काम अजून चालू आहे.

सुरुवात मालिकांपासून झाली. संध्याकाळी सात ते दहा आमच्या हॉलवर हिच्या मालिकांचे राज्य असते. त्याच वेळी मला भीमसेनजी ऐकायचे असतात. दोन खोल्यांच्या घरात सासूचे कारस्थान आणि पुरिया धनाश्री एकत्र नांदत नाहीत. म्हणून मी भाच्याला सहज म्हटले, "लक्ष्मी रोडला तीनशेत मिळतो तसला एखादा हेडफोन घेऊन ये रे."

भाचा हिंजवडीला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कानांची सेवा करतो. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मामा, रागावू नका, पण तुम्ही आजवर गाणं ऐकलेलंच नाही."

सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर मांडी मोडेपर्यंत बसलेल्या माणसाला हे ऐकवायचे म्हणजे वारकऱ्याला पंढरपूरचा पत्ता विचारण्यासारखे आहे. पण बोलणे लागले. माणूस अपमानाने जेवढा खर्च करतो तेवढा हौसेने करत नाही.

मग माझी शिकवणी सुरू झाली. आवाज नुसता 'चांगला' नसतो असे कळले. तो 'वॉर्म' असतो, 'ब्राइट' असतो, त्यावर 'व्हेल' म्हणजे पडदा असतो. त्याला 'साउंडस्टेज' असते, म्हणजे गवय्या कुठे, तबला कुठे, पेटी कुठे ते डोळे मिटून दाखवता आले पाहिजे. "आणि डिके बघायचा मामा. सूर संपल्यावर तो विरतो कसा." आतून ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "आस म्हणतात त्याला." ती लग्नाआधी मध्यमा प्रथमपर्यंत गाणे शिकली आहे. भाच्याने तिकडे दुर्लक्ष केले. मला मात्र वाटून गेले की आपल्याकडेही शब्दांना काही तोटा नाही. घुमारा, जवारी, चिरका, किनरा, फाटका, दाणेदार, पोकळ, खणखणीत, आणि शेवटी आईचा तो 'बद्द'. या एका शब्दात भाच्याची पाच पानी परीक्षणे मावतात. पण 'बद्द नाही' म्हणून कोणी पंचावन्न हजार रुपये मागू शकत नाही. 'होलोग्राफिक' म्हणून मागता येतात.

होय, पंचावन्न हजार. हा आकडा भाच्याने इतक्या हळू आवाजात सांगितला की तेवढ्या बारीक ध्वनीसाठी तरी चांगला हेडफोन हवाच असे वाटले. माझा चेहरा बघून त्याने मला सेनहायझरच्या एचई-१ची गोष्ट सांगितली. २०१५ साली आलेला हा हेडफोन सुमारे ५० हजार युरोंचा. त्याच्या ॲम्प्लिफायरचे अंग इटलीतल्या कराराच्या संगमरवराचे. बटण दाबले की त्या संगमरवरातून आठ काचेच्या नळ्या सावकाश वर येतात आणि मग हेडफोनच्या पेटीचे झाकण उघडते. गाभाऱ्याचा पडदा सरकावा तसे. त्याच्यापुढे आमचे पंचावन्न हजार म्हणजे दानपेटीतली सुटी नाणी वाटायला लागली. युक्तिवाद म्हणून हे साफ लबाडीचे आहे, पण सोनाराच्या दुकानातही हेच चालते. आधी पाटल्या दाखवतात, मग अंगठी स्वस्त वाटते.

मुंबईच्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथे चपला बाहेर काढाव्या लागल्या. आत थंडगार खोली, काळा शर्ट घातलेला विक्रेता आणि त्याहून काळ्या खुर्च्या. "सर, डोळे मिटा." मी मिटले. कोणी एक बाई गिटारवर इंग्रजीत फार सावकाश गाऊ लागली. ही बाई अशा प्रत्येक दुकानात गाते आणि घरी तिला कोणी ऐकत नाही. मी भीमसेनजी लावायला सांगितले तर तो म्हणाला, "सर, तो रेफरन्स ट्रॅक नाहीये." त्याच वेळी उठून यायला हवे होते. पण खोली थंड होती आणि खुर्ची चांगली होती.

घरी आल्यावर दारातच हिने विचारले, "केवढ्याला पडला?"

"साडेपाच," मी म्हणालो.

मी खोटे बोललो नाही. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र. साडेपाच दशसहस्र. एकक तिने आपल्या मनाने धरले. "साडेपाच हजार? कानात घालायच्या वस्तूला?" असे म्हणून ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. खरे एकक कळले असते तर किती दिवस, हे त्रैराशिक मी मांडून पाहिले नाही. त्याच्यासोबतच्या ॲम्प्लिफायरला मी चार्जर म्हणतो. हेडफोन ३०० ओहमचा आहे, मोबाइलला लावला तर कण्हल्यासारखा वाजतो, म्हणून 'चार्जर' वेगळा घ्यावा लागला. त्याचे पैसे मी अजून स्वतःलाही सांगितलेले नाहीत.

भाच्याचे म्हणणे, नवा हेडफोन आधी शंभर तास 'पिकवायचा'. त्यात पिंक नॉइज नावाचा एक आवाज सतत वाजवत ठेवायचा. तो पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा असतो. मी तो कपाटात, हिच्या पैठण्यांच्या मागे, चालू करून ठेवला आणि बँकेत गेलो. दुपारी कामाच्या मावशींना कपाटातून फुस्स असा आवाज आला. सिलिंडर कपाटात नसतो हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे उरला साप. मी परतलो तेव्हा जिन्यात चौदा माणसे होती आणि सोसायटीचे सेक्रेटरी हातात कॅरम बोर्डाचा स्टँड घेऊन सर्वांत मागे उभे होते. हेडफोन पिकला का? मला तर शंभर तासांनंतर माझाच कान पिकल्यासारखा वाटला. सवयीने सासरसुद्धा गोड लागते.

मुख्य घोटाळा पुढे उघडकीस आला. हा हेडफोन 'ओपन बॅक' आहे. म्हणजे त्याच्या पाठीला जाळी असते, कानाशी हवा मोकळी खेळते आणि त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा वाटतो. फार उत्तम. फक्त आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. ज्या मालिकेपासून पळण्यासाठी मी पंचावन्न हजार मोजले ती मालिका आता मला साउंडस्टेजसकट ऐकू येत होती. सासू डावीकडे, सून जरा मागे, आणि वीज कडाडते ती बरोबर टाळूवर.

एकदा मी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत होतो. मागे उजवीकडे लांबवर एक धारदार, सुरेख स्वर उमटला, वर चढला आणि विरला. मी थक्क झालो. हे ध्वनिमुद्रण वीस वर्षे ऐकतोय, हा स्वर कधी ऐकला नव्हता. भाचा म्हणायचा तो 'डिटेल' हाच. पुन्हा उमटला. तिसऱ्यांदा उमटला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सहाव्यांदा आला तो वासासकट. ही मंडईत गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." डाळीचा कोळसा झाला होता. हेडफोनचा आणि स्वयंपाकघराचा संबंध तसा जुना आहे. १९१० साली अमेरिकेत युटामध्ये नाथनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन जुळवले आणि थेट अमेरिकी नौदलाला विकले. मी हे हिला सांगायला गेलो. ती कुकर घासत होती. वेळ चुकली.

दिवाळीत भाच्याने माझे कान तपासले. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते हे पुस्तकातले झाले. वय वाढते तसे वरचे मजले एकेक करून बंद होतात. भाच्याने एक बारीक शिट्टी वाजवत चढवत नेली. अकरा हजारांनंतर मी म्हणालो, "आता लाव की." तो म्हणाला, "मामा, चालूच आहे." तो स्वतः सतरा हजारांपर्यंत बसून होता. मी खोका काढून पाहिला. त्यावर ४ ते ४०,००० हर्ट्झ असे छापले होते. हिशेब सोपा होता. हर्ट्झमागे साधारण एक रुपया सदतीस पैसे. मी वापरणार अकरा हजार हर्ट्झ, म्हणजे पंधरा हजार रुपयांचा माल. उरलेले चाळीस हजार मी वटवाघळांच्या करमणुकीवर खर्च केले होते. न वापरलेल्या हर्ट्झचे काही परत मिळते का, असे मी दुकानात फोन करून विचारले. तिकडून फोन ठेवला गेला. आस अजिबात नव्हती.

तरीही माझी श्रद्धा ढळली नव्हती. भाच्याने ठरवले की रीतसर परीक्षा घ्यायची. हिच्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि तीन हेडफोन आळीपाळीने चढवले. माझा, त्याचा जुना आणि मुलीच्या खणात सापडलेला दीड हजारांचा. मी दहापैकी दहा वेळा माझा ओळखला. मी विजयी मुद्रेने ओढणी सोडली. भाचा खिन्नपणे म्हणाला, "मामा, तुमच्याचं वजन चारशे ग्रॅम आहे आणि गादी मखमली. तुम्ही कानाने नाही, मानेने ओळखताय."

मग हेडफोन एकच ठेवून त्याने नुसते 'चार्जर' बदलले. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. मी लगेच सांगितले, दुसरा श्रेष्ठ. खर्जाला वजन आहे, तानेला दाणा आहे, तंबोरा जिवंत वाटतो. असा बराच वेळ बोललो. भाच्याने सगळे लिहून घेतले. चार्जर एकच होता. त्याने दर दुसऱ्या खेपेला आवाज एक डेसिबल वाढवला होता. याची गंमत अशी की एवढीशी वाढ कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार क्षीण ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणजे मी ज्याला जिवंत तंबोरा म्हटले तो भाच्याचा अंगठा होता.

भाचा तसा प्रामाणिक. जाता जाता त्याने आणखी एक सांगितले. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली आणि त्यांचा स्वर-समतोल आणि किंमत यांच्यात काही संबंध आढळला नाही असे लिहिले. "हे तू खरेदीच्या आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले. "आधी तुम्ही ऐकलं नसतं मामा." ऐकणे या विषयावरचे आमचे ते शेवटचे संभाषण.

मी अधूनमधून अजून ऐकतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या, तीनेक मिनिटांच्या तबकड्या आहेत, त्या या हेडफोनवर लावल्या की सुईची खरखर इतकी स्वच्छ, इतकी प्रशस्त ऐकू येते की खाँसाहेब त्या खरखरीच्या पलीकडे पावसात उभे राहून गातायत असे वाटते. पाऊस मला आवडायला लागला आहे. पण तो पंचावन्न हजारांचा आहे म्हणून आवडतो की खरेच, हे सांगता येत नाही. किंमत माहीत असलेल्या माणसाला तो निवाडा करताच येत नाही. त्यासाठी किंमत माहीत नसलेला कान पाहिजे.

तो घरातच होता. गेल्या रविवारी वीज गेली, टीव्ही बंद पडला आणि हिने स्वतःहून हेडफोन मागितला. चार्जर विजेशिवाय चालत नाही म्हणून वीज येईपर्यंत वाट पाहिली आणि वीज आल्यावरही मालिका न लावता ती ऐकत बसली. किशोरीताईंचा भूप. मी समोर बसून तिचा चेहरा वाचत होतो. परीक्षेच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो. तिने एकदा मान कलती केली. अगदी आईसारखी. मग हेडफोन काढून उलटासुलटा पाहिला आणि मधल्या बोटाने त्याच्या जाळीवर टकटक केले.

"चांगलाय," ती म्हणाली. "कानाला घाम येतो, पण गोड वाजतो. साडेपाच हजारांच्या मानाने काही महाग नाही."

मी सुटलो म्हणून श्वास सोडला तो अर्ध्यातच अडकला. ती नाशिकला बहिणीला फोन लावत होती. फोन वीस मिनिटे चालला. मग तिने कपाटातल्या पैठण्यांच्या मागून पैसे काढले, पाचशेच्या अकरा नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"भाऊजींच्या साठीला द्यायचा आहे. चार्जरसकट आणा. आणि त्यांना काळा हवाय."