बाटलीतून वंश बदलत नाही

आपल्या देशात १९४५ सालची औषधे नियमावली आहे. तिच्यात ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. ज्या दुखण्यांवर ‘बरं करतो’ असा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची ही यादी. तिच्यात कर्करोग आहे आणि टक्कलही आहे. नवे केस उगवणं आहे, अकाली पिकलेले केस आहेत. नियम इतका स्वच्छ बोलतो. तरी परवा सोलापूरच्या नवी पेठेत, माझ्यासमोर, विशीतल्या एका मुलीनं केस उगवणाऱ्या तेलाला साडेचारशे रुपये मोजले. “मुठीनं गळतात हो अण्णा,” ती दुकानदाराला म्हणाली. “बोअरचं पाणी असंल अक्का, शाम्पू पण घ्या,” तो म्हणाला. तिची नखं पांढरीफटक होती. रक्त तपासलंय का, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही गप्प बसलो. ते अजून डाचतंय.

केसांच्या बाबतीत आपला सगळा कारभार उलटा आहे. आईबापांकडून जे आलंय ते बदलायला पैसे ओततो आणि हातात आहे ते नशिबावर टाकतो.

आधी वंशाचं बघू. पुरुषाचं टक्कल मामावर जातं, असं घरोघरी म्हणतात. त्यात निम्मं खरं आहे. टक्कलाशी संबंध असलेलं एक मोठं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. म्हणून बोट आजोळाकडे जातं. पण २०१७ साली ब्रिटनमधल्या ५२ हजार पुरुषांच्या अभ्यासात टक्कलाशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यातल्या एक्सवरच्या फक्त ४०. बाकीच्या आईकडून येतील नाहीतर बापाकडून. तेव्हा एकट्या मामाला दोष देऊ नका. १९४२ साली हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानं दाखवलं होतं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचेच केस मागे हटतात. वंश आणि संप्रेरक दोन्ही मिळून केसाचं मूळ वर्षानुवर्षं आक्रसत नेतात. वरून चोळलेलं तेल हा हुकूम फिरवू शकत नाही. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड ही दोन औषधं काही अंशी थोपवतात, तीही घेत राहिलं तरच आणि डॉक्टरला विचारूनच. नको असेल तर टक्कल घेऊन बिनधास्त हिंडा. स्थळाच्या फोटोत टोपी घालून बसलेला मुलगा पाहिला की मला वाईट वाटतं. त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय?

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांचेच. पहिला संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. मग आयसीएमआरचं पथक आलं. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम प्रमाणाबाहेर सापडलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा माग रेशनच्या गव्हापर्यंत नेला. वंशाचं टक्कल वर्षं घेतं. गावच्या गाव आठवड्यात बोडकं होतं तेव्हा कारण बाहेरून आलेलं असतं, आणि शेगावात ते ताटातून आलं असावं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले. मूळ मेलं नव्हतं, म्हणून आले.

सोलापुरात इतकं भयंकर काही नाही. आपल्याकडे आहे ती संथ, रोजची उपासमार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. निम्म्याहून जास्त! घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर शेवटी बसणारी, उरलंसुरलं खाणारी, हात धुऊन लगेच चहा घेणारी बाई. चहा जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही. आणि लोह कमी पडलं की शरीर आधी हृदय-मेंदूचं भागवतं. केसाचं मूळही त्या बाईसारखंच पंगतीत शेवटी बसतं. विडी वळणारी असो की कॉलेजात जाणारी, तिला आधी पोटभर जेवू द्या. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं, पालेभाजी, वर लिंबू पिळून. अंडं चालत असेल तर अंडं. चहा तासाभरानं. हे सगळं त्या साडेचारशेत आठवडाभर बसतं.

तेलाला फुकटचं यश कसं मिळतं, तेही सांगतो. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, तीनेक महिने विसावतो, मग गळतो. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर गळणं ही गळती नव्हेच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, जबर धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. गणपतीत डेंग्यू झालेल्या मुलीचे केस मार्गशीर्षात जातात. तोवर ती ताप विसरलेली असते. ती बाटली आणते. सहा महिन्यांत केस आपोआप परत येतात आणि श्रेय बाटली घेऊन जाते. मग शेजारणीलाही तीच बाटली.

तेल वाईट नाही. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही लक्षात ठेवा. पण त्यांनीही दाखवलं ते केसाच्या काडीचं जपणं. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला खाऊ घालता येत नाही, फक्त जपता येतं. काही दिवसांआड येणाऱ्या नळामुळे बोअर-टँकरचं जड पाणी वापरावं लागतं, त्यानं केस राठ होतात, फेस होत नाही. मुळाला मात्र ते पाणी पोचत नाही. मुळाशी वैर करतो तो ताण. वर्षानुवर्षं कपाळापासून खेचून बांधलेला अंबाडा कानशिलावरचे केस कायमचे घेऊन जातो. आणि सोलापूरकरांनो, टॉवेल आपण विणतो, जगाला विकतो, पण वापरतो चुकीचा. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. खसाखसा घासू नका. दाबून टिपा, गुंता टोकाकडून वर सोडवा.

राहिली जट. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत की गुंतून घट्ट होतात, आणि मग ती देवीची खूण ठरते. आपल्या सीमाभागात यल्लम्माच्या नावानं कित्येक बायकांनी हे ओझं मानेवर वागवलं. मान दुखते, डोक्यात उवा होतात, झोप येत नाही. ‘कापली तर कोप होईल’ हे भय घालणारे घरातलेच असतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत काढून, कात्री चालवून शेकडो बायका मोकळ्या केल्या. कुणावरही कोप झाला नाही. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल तर कार्यकर्त्यांना बोलवा, तिच्याशेजारी बसा, तिच्याशी बोला.

केस गळत असतील तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपर काढा, रक्त तपासा, थायरॉइड तपासा, गेल्या चार महिन्यांत काय दुखणं झालं ते डॉक्टरांना सांगा. आणि नवी पेठेतल्या त्या मुलीच्या हाती हा अंक पडला तर तिला सांगणं एवढंच: बाई गं, दुसरी बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन बघून घे.