स्टॅम्पपेपरवरच्या बंधपत्रास खुले पत्र

बंधपत्रा,

नमस्कार करत नाही. त्याच्या लायकीचं हिंगोलीसाठी तू काही केलेलं नाहीस. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष सरकारी सेवा करावी, एवढंच तुझं मागणं. त्यातूनही सुटायची सोय अनेक वर्षं तूच ठेवलीस: एमबीबीएसला 10 लाख, एमडी-एमएसला 50 लाख, सुपरस्पेशालिटीला 2 कोटी. खेडं चुकवायचा दरफलकच तो! ज्याच्या बापाकडे पैसे, त्याला गाव माफ. ज्याच्याकडे नाहीत, तो आला आणि पहिल्या दिवसापासून पीजीचं पुस्तक उघडून बसला. त्या पोरांवर माझा राग नाही. गावात काम करणं ही शिक्षा असते, हे त्यांना तूच शिकवलंस. शिक्षा संपल्यावर कोण थांबेल?

एका वर्षात होतं काय? सेनगाव-औंढ्याकडच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आलेल्या डॉक्टरला कुठल्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात, त्यांतली कोणती बाई पोटुशी परतते, हे उमजेपर्यंत सगळा हंगाम सरतो. मग तो जातो. पुढचा येईपर्यंत खुर्ची रिकामी आणि अडलेली बाई नांदेडला रेफर. हे सारं ध्यानात ठेवते ती आशाताई, कामागणिक मोबदल्यावर राबणारी. तिला बंधपत्र लागलं नाही. तिचं घरच त्या गावात आहे.

9 ऑक्टोबर 2024 ला हिंगोलीच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. 1999 साली परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला पंचवीस वर्षांनी 100 जागा मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या जागा नीटच्या गुणांवर भरणार, आणि गुणांमागे लातूर-नांदेडच्या क्लासची फी उभी. कळमनुरीकडच्या आंध समाजातल्या मुलीनं ती आणायची कुठून? शिवाय शिकलेल्याला इथे थांबवायचं काम पुन्हा तुझ्याच हाती.

फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर 1976 पासून गावंच आपली मुलं निवडून शिकायला पाठवतात. ती आधी सुईणीचं काम शिकतात, गावात राबतात, मग परिचारिका होतात, त्यांतली काही डॉक्टर. आपल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून काम उभं केलं, तेही शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना हाताशी धरून. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2010 साली सांगितलं: खेड्यात वाढलेली मुलं निवडा, सक्ती करायचीच तर सोबत आधार आणि प्रोत्साहन द्या. तू त्यातली सक्ती तेवढी उचललीस.

आता बाजूला हो. गावातल्या एएनएम नर्सला वरच्या पायरीची जीएनएम नर्स आणि तिथून डॉक्टर होता येईल असा अभ्यासक्रम हिंगोलीत हवा. आशाताईच्या लेकीची फी सरकारनं भरावी. पीएचसीच्या आवारातली क्वार्टर लेकराबाळांसकट राहण्याजोगी करावी. याचे आदेश निघेपर्यंत मी तुला पत्रं लिहीत राहणार.

हिंगोली जिल्ह्यातला एक रहिवासी