रेपो हलवण्याचा शास्त्रोक्त विधी

लोअर परळात एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत तुम्ही नोकरीला असाल आणि सोमवारी सकाळी साहेबांनी सहज विचारलं असेल, ‘आपला पॅकेज रेपो नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचाय, नुसतं कॉपी-पेस्टच तर आहे ना?’, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठीच आहे. ‘नुसतं’ हा शब्द कानावर पडताच आधी चहा मागवावा. मग रजेचा अर्ज टाकला असल्यास तो स्वतःहून मागे घ्यावा, तेवढाच मान राहतो.

नवख्यांसाठी थोडक्यात : ऑफिसातली सगळी मशिनं सॉफ्टवेअरची तयार पॅकेजेस जिथून उचलतात, तो रेपो. त्यात पॅकेजेस असतात, त्यांची यादी असते, प्रत्येकाचा चेकसम असतो आणि यादीवर डिजिटल सही असते. साहेबांना यातली फक्त पॅकेजेस दिसतात.

आता मुहूर्त. तो आपण काढायचा नसतो, बाहेरून येतो. कुबरनेटीसवाल्यांनी आपला नवा रेपो जाहीर केला १५ ऑगस्ट २०२३ ला. जुना गोठवणार असल्याची आठवण ऑगस्टच्या अखेरीस दिली आणि १३ सप्टेंबरला गोठवला. गणेश चतुर्थी होती १९ तारखेला. ज्यांचं ऑफिस चिंचपोकळी ते परळ या पट्ट्यात आहे, त्यांना त्या आठवड्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्याआधी बिनट्रे हे पॅकेजेसचं ऑनलाइन कोठार बंद झालं ते १ मे २०२१ ला. सूचना फेब्रुवारीत मिळाली होती. १५ ऑगस्ट काय, १ मे काय. ही परदेशी मंडळी आपल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर भिंतीला लावूनच तारखा ठरवतात, असा माझा दाट संशय आहे. तेव्हा तुमच्या हातात काही असेल तर एवढंच पाहावं, की शुक्रवार नको आणि अनंत चतुर्दशी नको.

पुढची पायरी म्हणजे सर्वांना मेल पाठवणं. तो कोणी वाचणार नाही. तरी पाठवावा, कारण पुढेमागे तो दाखवायचा असतो.

मग खरं काम सुरू होतं, आणि ते पॅकेजेस हलवण्याचं नाही. पॅकेजेस एका रात्रीत जातात. पत्ता जात नाही.

मुंबईत पत्ता बदलला म्हणून माणूस कधी हरवत नाही. लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण रॅम घ्यायला निघालेला गिरगावकर आजही लॅमिंग्टन रोडलाच जातो आणि बरोबर दुकानासमोर उभा राहतो. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद पडली, तरी तिच्या टर्मिनसवरून पडलेलं दादर टीटी हे नाव आजच्या टॅक्सीवाल्यालाही पुरतं. सांगणारा जुनं सांगतो, ऐकणारा नवं समजतो, आणि मीटर पडतो. मशीनकडे हा समजूतदारपणा नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, मिररची यादी देणारा पत्ता नाहीसा झाला आणि पॅकेजेस आणणारा ‘यम’ मुकाट बसला : होस्ट सापडत नाही. पॅकेजेस सगळी शाबूत होती, शेजारच्याच व्हॉल्ट नावाच्या पत्त्यावर. पण ते त्याला कोण सांगणार?

म्हणून जुना पत्ता कुठे कुठे लिहिलाय याची पाहणी करावी. सोर्सेस-लिस्टमध्ये असतो, हे सर्वांना ठाऊक असतं. डॉकरफाइलमध्ये असतो. जेनकिन्सच्या अशा एका जॉबमध्ये असतो, ज्याच्या नावात ‘टेस्ट’ आहे आणि ज्याच्यावर अख्खं बिलिंग चालतं. एनपीएमच्या पॅकेज-लॉक फाइलीत तर प्रत्येक पॅकेजसमोर तो पुरताच्या पुरता लिहिलेला असतो, म्हणजे सेटिंग बदलून विजयी मुद्रेने बसलात तरी बिल्ड निमूटपणे जुन्या दारात जाऊ शकतं. शिवाय एक क्रॉन असतो. तो रिटायर झालेल्या काकांनी लिहिलेला असतो. काकांना फोन करावा. ते आनंदाने तासभर बोलतील, फक्त क्रॉनबद्दल नाही.

यावरचा उतारा जुनाच आहे. रेपोला मशीनच्या नावाचा पत्ता देऊ नये. डीएनएसमध्ये आपल्या मालकीचं, कामाचं नाव द्यावं आणि मागचं मशीन हवं तेव्हा बदलावं. हलवण्याच्या दोन दिवस आधी त्या नोंदीचा टीटीएल पाच मिनिटांवर आणावा. नाव देण्याचं काम दहा वर्षांपूर्वीच कुणीतरी करायला हवं होतं. कुणी, ते मीटिंगमध्ये विचारू नये.

जुन्या आवृत्त्यांचं काय, असा प्रश्न नक्की येईल. ‘वर्षानुवर्षं कुणी उचलल्या नाहीत, टाकून द्या’ असं सांगणारा तरुण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याला लेफ्ट-पॅडची गोष्ट सांगावी : मार्च २०१६, अवघ्या ११ ओळींचं पॅकेज, लेखकाने नामवादातून रागाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड्स कोसळली. कुबरनेटीसच्या नव्या रेपोतही १.२४ च्या आधीचं काही आणलं नाही, पण त्यांच्याकडे नकार द्यायला अख्खी कम्युनिटी होती. तुमच्याकडे फक्त तुम्ही आहात. सगळं उचला. उचलल्यावर चेकसम जुळवून पाहा. फाइलींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानणारा माणूस घरचा हिशेबही तसाच करत असावा.

सहीची किल्ली बदलली की मशिनं ओरडतील. तेव्हा कुणीतरी सुचवेल, की सहीची जीपीजी तपासणी तात्पुरती बंद ठेवू. ‘तात्पुरतं’ ठेवलेलं आमच्या पाहण्यात तरी कुणी पुन्हा सुरू केलेलं नाही. नवी किल्ली आधी सगळीकडे पोचवावी, रेपो नंतर हलवावा. तसंच, नव्या प्लॅटफॉर्मवर घरची पॅकेजेस आणि बाहेरची एकाच रांगेत उभी करू नयेत. अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने २०२१ साली जाहीर केलं, की कंपन्यांच्या आतल्या पॅकेजची नावं घेऊन, आकडा मोठा लावून, तीच बाहेरच्या रजिस्ट्रीवर टाकली तर मोठमोठ्या कंपन्यांची मशिनं बाहेरचंच उचलतात. त्यांत अ‍ॅपल होती, मायक्रोसॉफ्ट होती. तुमची कंपनी त्यांच्याहून सावध असेल तर उत्तमच.

शेवटी बोंब-चाचणी. मंगळवारी सकाळी अकरा वाजता जुना सर्व्हर तासभर बंद ठेवावा आणि जागेवर शांत बसून राहावं. जो बोंबलत येईल त्याचं नाव लिहून घ्यावं. पाहणीतून राहून गेलेले ते हेच. पुढच्या आठवड्यात चार तास, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवसभर. कुणीच आलं नाही तरी पेढे वाटू नयेत, कारण वर्षातून एकदाच, वर्षअखेरीच्या हिशेबाला जागं होणारं एक मशीन अकाउंट्समध्ये असतं. तेव्हा जुना सर्व्हर ३१ मार्च उलटेपर्यंत मोडीत काढू नये, आणि काढलाच तर डिस्क आधी काढून घ्यावी.