उन्हाचा जावई

वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाचा त्रास होतो, पण त्याहून जास्त त्याला उन्हाचा अभिमान असतो. मे महिना लागला की आमच्या अमरावतीत पेपर आल्याबरोबर आधी तापमानाचा रकाना बघतात. राज्यात कोणाचं सरकार आलं आणि कोणाचं गेलं, ते सावकाश, दुसऱ्या चहाबरोबर. त्या रकान्यात अकोला ४५ आणि अमरावती ४४ असं दिसलं की माझा पहिला चहा कडू होतो, कारण माझी सासुरवाडी अकोल्याची आहे आणि दहा मिनिटांत साळ्याचा फोन येणार हे ठरलेलं असतं. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याने ४७.४ अंश गाठले, तेव्हा तो आकडा त्याने मला अशा आवाजात सांगितला की जणू घरातलं पोरगं बोर्डात आलंय. २०२४ च्या मेअखेरीस तर कहर झाला. उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागलं, भर दुपारच्या शिकवण्या बंद झाल्या आणि कामगारांसाठी पिण्याचं पाणी न् सावलीची सोय सक्तीची झाली. इतर गावांत जे कलम माणसांवर लावायचे, ते अकोल्याने सूर्यावर लावलं.

अशा गावाचा मी जावई.

आणि तिथे जायची वेळ आली ती नवतप्यात. आता नवतपा म्हणजे काय, ते वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. साधारण २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं असेल तर फेरविचार करतं. याच नऊ दिवसांत आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त निघतात. का निघतात, हे कोणी विचारत नाही. साळ्याच्या मुलीचं लग्न असंच भर नवतप्यात निघालं. बायको न् मुलगी आधीच जाऊन पोचल्या होत्या, मला सकाळच्या गाडीने यायचं फर्मान होतं आणि मी उठलो तेव्हा ती गाडी बडनेरा सोडून गेली होती.

तर म्हटलं स्कूटर काढावी. शंभरेक किलोमीटर तर जायचं. शिवाय रस्ता साधासुधा नाही, विक्रमी आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात, एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस राबून अंथरलं होतं आणि गिनीज बुकात नाव गेलं होतं. ज्या माणसांनी जूनच्या उन्हात उकळत्या डांबरापाशी उभं राहून तो रस्ता केला, त्यांच्यापुढे माझं नुसतं त्यावरून जाणं म्हणजे काय मोठंसं! असा विचार मी पंख्याखाली बसून केला. पंख्याखाली माणूस फार शूर असतो.

निघण्यापूर्वी प्रतिबंधक उपाय झाले. आमच्या घरात प्रतिबंधक उपाय पिढीनुसार मिळतात. आईने सदऱ्याच्या खिशात कांदा घातला आणि वर बायकोचा गुलाबी फुलांचा दुपट्टा आणून दिला, "हा डोक्याला न् तोंडाला बांध, काही होत नाही." शेजारचे नाना निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून होमिओपॅथी शिकलेत, ते लाकडी पेटी घेऊन आले आणि उन्हाचा दोष लागू नये म्हणून साबुदाण्याच्या गोळ्यांची कुपी देऊन गेले. आणि अकोल्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, फोटो आहेत, येताना चेहऱ्याला लिंबू चोळून या, रंग उजळतो, नॅचरल आहे." मी कोणाचंच मन मोडत नाही. कांदा घेतला, गोळ्या घेतल्या, लिंबू चोळलं. फक्त दुपट्टा नाकारला. बँकेत अधिकारी असलेल्या माणसाने गुलाबी फुलं बांधून बडनेऱ्याच्या नाक्यावरून जायचं म्हणजे काय!

बडनेरा ओलांडलं नाही तोच नानांचा फोन. "कुपी कुठे ठेवलीत?" म्हटलं, वरच्या खिशात, कांद्याशेजारी. पलीकडे काही क्षण शांतता, मग नाना कळवळून म्हणाले, "अहो, कांद्याच्या उग्र वासाने औषध मरतं! कांदा, लसूण, कापूर, कॉफी, सगळं वर्ज्य." आता आली का पंचाईत? आईचा उपाय ठेवला तर नानांचा मरतो, नानांचा ठेवला तर आई विचारते. मी मधला मार्ग काढला. गोळ्या खिशात ठेवल्या आणि कांदा डिक्कीत टाकला, जिथे लग्नात घालायचा माझा रेशमी कुर्ता होता. मे महिन्यात दुपारी स्कूटरची डिक्की ही काही डिक्की नसते, ती चूल असते. अकोला येईपर्यंत कांदा अंगच्या रसात छान भाजला गेला होता, पिठलं तेवढं बाकी होतं.

मूर्तिजापूरला एका पाणपोईवर थांबलो. तिथल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अर्ध्या बाह्यांचा सदरा, अर्ध्या तोंडाचं हेल्मेट, पायांत सँडल, मानेवर काही नाही. स्वतः तो जाड पंचा डोकं, कान, मान सगळं झाकून बसला होता. "काहून बापा, दुपट्टा नाही का घरी?" म्हणाला. घरी आहे, हेच तर दुःख होतं. गाडगेबाबा याच मुलखातले. ते डोक्यावर खापराची टोपी घालून गावोगाव हिंडले आणि लोक काय म्हणतील याची त्यांनी कधी फिकीर केली नाही. मला फुलांची लाज वाटत होती. मी खिशातला पातळ पांढरा रुमाल माठातल्या पाण्याने ओला केला, मानेवर टाकला आणि बाणेदारपणे पुढे निघालो. बोरगाव मंजू येईपर्यंत मान गार लागत होती. त्यामुळे ती भाजतेय हे कळलं नाही.

लग्नघरी पोचलो तेव्हा मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. हेल्मेट काढलं आणि मला म्हणे दोन रंग होते. कपाळ गोरं, त्याखाली नाक, गाल, हनुवटी लालभडक. घड्याळ काढलं तर मनगटावर पांढरं घड्याळ तसंच. सँडल काढली तरी पायांत सँडल होतीच. मामेसासूबाई धावत आल्या, "माय माय! जवाई पार होरपळले न! तुमाले ऊन समजत नाही का जी?" एवढ्यात साळा आला, त्याने माझा दंड दाबून पाहिला, पांढरा ठसा उमटून पुन्हा लाल झाला आणि त्याच्या डोळ्यांत मला समाधान दिसलं. "भाऊजी, हे अकोल्याचं ऊन हाय. तुमच्या अमरावतीच्या उन्हात एवढा दम नाही." हे मात्र मला सहन होईना. म्हटलं, निम्मं तरी आमच्याकडचं आहे, कुरूमपर्यंत मी अमरावतीच्याच उन्हात होतो. त्यावर मांडवात रीतसर वाद झाला आणि जिल्ह्याची हद्द नेमकी कुठे, हे ठरवायला एक निवृत्त तलाठी बोलवावा लागला. कुरूम अकोला जिल्ह्यात निघालं. माझं नाकसुद्धा अकोल्याकडे गेलं.

सासुरवाडीत जावयाची जागा कुलरसमोर असते. ती मिळाली आणि उपचार सुरू झाले. एक मामी कुंडीतली कोरफड तोडून घेऊन आली. आतला पांढरा गर लावायचा असतो, पण घाईत देठाकडचा पिवळा चीक पुसायचा राहिला आणि आग कमी व्हायच्या ऐवजी वर खाज सुटली. खाज घालवायला दुसरीने हळद-दही लावलं. हळद निघावी म्हणून तिसरीने गुलाबपाण्यात मुलतानी माती कालवली आणि उरलेलं गुलाबपाणी वाटीत बाजूला ठेवलं, ते मी सरबत समजून पिऊन टाकलं. कुलरच्या वाऱ्यात मुलतानी माती वाळायला वेळ लागत नाही. चेहरा ताणला गेला, ओठ हलेनात, आणि नेमकी त्याच वेळी वरात दाराशी आली, फोटोग्राफर आत आला आणि म्हणाला, "काका, जरा हसा." मी हसलो. हनुवटीपासून कानापर्यंत भेग गेली.

एका उपायाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, ते म्हणजे कैरीचं पन्हं. कैऱ्या निखाऱ्यात भाजलेल्या, गूळ, मीठ, जिरं, माठाचं पाणी. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही त्यातून परत मिळतं, म्हणून जीव तरतरीत होतो. कातडीवर त्याचा काही उपयोग नाही. पण मन भाजलेलं असतं, त्याला बरं वाटतं.

रात्री आग वाढली. नानांना फोन लावला. नाना खुशीत आले. रोगी लांब असला की त्यांची विद्या खुलते. म्हणाले, चेहरा लाल आणि गरम असेल तर बेलाडोना, ती धोतऱ्याच्या कुळातली. डोकं ठणकत असेल तर ग्लोनॉइन, ते नायट्रोग्लिसरीनपासून करतात. म्हटलं, नाना, नायट्रोग्लिसरीन म्हणजे नोबेलने १८६७ साली ज्याचं डायनामाइट केलं तेच ना? "तेच, पण ३० पोटन्सीत." फोड आले असतील तर कँथारिस, म्हणजे ज्या भुंगेऱ्याच्या अंगच्या रसाने फोड येतात त्याचंच औषध, आणि नुसती चुणचुण असेल तर अर्टिका युरेन्स, एक खाजरं रोपटं. ज्याने दुखतं त्यानेच बरं होतं, हे होमिओपॅथीवाल्या हानेमानचं सूत्र. या न्यायाने मला उद्या पुन्हा स्कूटरवर बसवायला हवं होतं. माझ्याकडे चारही लक्षणं होती, पण नाना म्हणाले, प्रमुख लक्षण एकच सांगा. मी विचार करत असताना बायकोने फोन हातातून घेतला आणि सांगितलं, "हट्टीपणा."

त्यावरही गोळी आहे म्हणे.

मी गोळ्या घेतल्या. गोड होत्या. ३० पोटन्सी म्हणजे एका भागात नव्याण्णव भाग पातळ द्रव, आणि असं तीस वेळा. बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा कण हाती लागण्याची आशा सोडायची असते. म्हणजे डायनामाइटची भीती नव्हती. गुणाचीही नव्हती. सकाळी भाच्याने मोठ्या कौतुकाने चिखलदऱ्याची कॉफी करून आणली, मी घोटभर प्यायलो आणि मग आठवलं की कॉफी वर्ज्य. नानांना आजतागायत वाटतं की औषध कॉफीने मेलं. मी त्यांचं मन मोडत नाही.

अमरावतीला परतल्यावर गालांवर वेगळंच काहीतरी उमटलं. ओघळ. गालावरून हनुवटीकडे आणि तिथून मानेवर काळपट पट्टे, कोणी शाई सांडल्यासारखे. कातडीच्या डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "लिंबू लावलं होतं?" मी आश्चर्याने थक्क झालो. त्या म्हणाल्या, लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांशी गाठ पडली की कातडी भाजतात, आणि रस जिथून जिथून वाहिला तिथे तिथे डाग उमटतो, तो महिनोन् महिने राहतो. ओल्या रुमालाचं ऐकून त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. पातळ पांढरं कापड ओलं झालं की त्यातून किरणं कोरड्या कापडापेक्षा जास्त आत शिरतात. शिवाय कातडी उन्हाच्या गरमपणाने भाजत नाही, किरणांनी भाजते. म्हणून चिखलदऱ्याच्या गार वाऱ्यातही माणूस लाल होऊन येतो, आणि लाली लगेच पुरती दिसत नाही, बारा ते चोवीस तासांनी शिगेला पोचते. उपाय विचारला तर सांगितलं, गार पाण्याच्या घड्या, बर्फ नाही, फोड फोडू नका, साधं मलम, भरपूर पाणी, आणि पुढच्या वेळी सनस्क्रीन, दर दोन तासांनी, किंवा मग घट्ट विणीचा जाड दुपट्टा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "किती घेतले याचे?"

तेव्हा वाचकहो, निकाल असा. पन्हं आणि ताक प्यावं, तोंडाला फासू नये. कोरफडीचा गर चीक पुसून लावावा, लिंबू भाजीवर पिळावं. कांदा खिशात ठेवला तर खिशाला वास येतो, उन्हाला काही होत नाही. गोळ्या गोड असतात, घ्यायच्या तर घ्या, पण उन्हात ग्लानी आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कोरडं पडलं तर तो उष्माघात असतो. तिथे नानाही नकोत आणि मामीही नको, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला आणि १०८ ला फोन करा. दुपारी अकरा ते चार घरात बसण्यात कमीपणा नाही. आणि नवतप्यात अकोल्याला लग्न निघालं तर पहाटेच्या गाडीने जा, जेवा, अंधार पडल्यावर परत या. कुलरसमोरच्या खुर्चीवर मात्र बसू नका, ती जावयाची असते.